समुद्राचं माप

"श्वास सोड बघू आधी," मी म्हटलं. "आत्ता पोट आत ओढून उभी राहशील आणि मग पँट बसली नाही की माझ्या नावाने खडे फोडशील."

ती हसली आणि तिने श्वास सोडला. मी टेप तिच्या कमरेभोवती फिरवला, आत दोन बोटं घालून पाहिली. एकतीस.

"एकोणतीस," मी मोठ्याने म्हणाले आणि वहीत एकतीस लिहिलं.

ही माझी चाळीस वर्षांची सवय आहे. समोरचीला दोन इंच कमी सांगायचं आणि वहीत खरं लिहायचं. कमी सांगितलं की गिऱ्हाईक खूश, खरं लिहिलं की कपडा नीट बसतो. आजवर एकीनेही तक्रार केलेली नाही. उलट, तुमच्या हातचा कपडा कसा अंगाला बेतल्यासारखा बसतो म्हणून कौतुक करतात आणि मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसते.

ही पोरगी म्हणजे आमच्या गावच्या समुद्र केंद्रातली नवी साहेबीण. वय पस्तिशीच्या आत, बोलणं मऊ, चालणं मात्र वाऱ्यासारखं. धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरली आणि पँट गुडघ्यात फाडून घेतली. म्हणून खिसेच खिसे असलेली नवी पँट, आणि जोडीला एक सदरा, शिवून घ्यायला आली होती.

आमचे हे त्याच केंद्रातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हुद्दा शिपायाचा, काम बादलीचं. रोज सकाळी सात वाजता धक्क्याच्या टोकाशी जायचं, दोरी बांधलेली बादली समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर बुडवून दोन मिनिटं थांबायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा. चौतीस वर्षं. सुट्टी नाही, रजा नाही, दुखणं नाही. आमच्या धाकट्याचा जन्म झाला त्या दिवशीसुद्धा हे आधी बादली टाकून मग दवाखान्यात आले, आणि मी अजून ते ऐकवल्याशिवाय राहत नाही. गाव ह्यांना बादलीवाले म्हणतं. अर्ध्या गावाचे कपडे मी शिवलेत, पण माझं नाव काय, तर बादलीवाली.

"काका, तुमची सगळी रजिस्टरं संगणकावर चढवून झाली हो," पोरगी हात पसरून उभी होती, मी बाहीचं माप घेत होते. "एकही दिवस कोरा नाही. असली नोंद फार थोड्या किनाऱ्यांवर सापडते."

हे दारातल्या खुर्चीत चहा पीत होते. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. ह्यांचं कुणी कौतुक केलं की स्वतःच्या हातांचं काय करावं ते ह्यांना कळत नाही.

"फक्त एक कोडं सुटत नाहीये," ती पुढे म्हणाली. "वीस वर्षांपूर्वी इथलं सगळं प्रवाळ पांढरं पडलं ना, त्या उन्हाळ्याचं. आजूबाजूच्या सगळ्या किनाऱ्यांवर तेव्हा पाणी एकतीस-बत्तीस अंशांना गेलं होतं. आपल्या रजिस्टरात मात्र ते तीसच्या वर गेलेलंच नाही. आणि तरी सगळ्यात आधी आपलंच प्रवाळ पांढरं पडलं. कसं काय?"

ह्यांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. मी टेप गुंडाळायला घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पण पांढरं पडतं म्हणजे होतं काय गं नक्की? धुवून धुवून कापडाचा उडतो, तसा रंग उडतो का?"

"नाही काकू. तो रंग बहुतेक प्रवाळाचा स्वतःचा नसतोच. प्रवाळ म्हणजे चिमुकले प्राणी, हजारोंनी एकमेकांना चिकटून राहणारे. त्यांच्या अंगात त्यांच्याहूनही बारीक शेवाळ राहतं. भाडेकरूच समजा. हे भाडेकरू उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतात. रंगही त्यांचाच. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की भाडेकरूंचं तंत्र बिघडतं. अन्नाबरोबर विषही तयार व्हायला लागतं. मग घरमालक त्यांना बाहेर काढतो. मागे राहतं काचेसारखं अंग आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा."

"म्हणजे मेलंच की ते."

"लगेच नाही. उपाशी असतं. पाणी वेळेत थंड झालं तर भाडेकरू परत येतात, रंग परत येतो. नाही झालं तर मग मरतं." तिने हात खाली घेतले. "मोठ्या खडकामागे एक तुकडा अजून जिवंत आहे, तुमच्या ह्या खोलीएवढा. त्या उन्हाळ्यातून तो तगला. आता आम्हाला नवं प्रवाळ लावायचंय. रोपं त्या तुकड्यातून घ्यायची की बाहेरून आणायची, ते ह्या महिनाअखेर ठरेल. काकांच्या आकड्यांवरून दिसतं, की इथलं प्रवाळ तीस अंशांतच कोलमडलं. म्हणजे फारच नाजूक. पुढचे उन्हाळे आणखी कडक असणार. त्यामुळे तो तुकडा सोडून द्यावा, असंच मला लिहावं लागेल."

"आणि पाणी जास्त तापलं असेल तर?"

"तर तो तुकडा लाखात एक. बत्तीस अंश सोसून जगलेला. मग त्याचीच रोपं करायची, त्यालाच जपायचं. पण तसं कुठे लिहिलेलं नाही ना."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले.

"रजिस्टरात आहे ते आहे," हे म्हणाले आणि परसातल्या झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना पाणी सकाळीच घालून झालं होतं.

पोरगी गेल्यावर आम्ही दोघं जेवलो. हे आडवे झाले, मी मशीनवर बसले, पण पाय चालेनात. मनात सगळं मागचंच यायला लागलं.

लग्न झालं तेव्हा बंदरामागच्या गल्लीत आमची एकच खोली होती. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात माझं पायमशीन. खाऱ्या वाऱ्याने मशीन गंजायचं, म्हणून मी रोज त्याला तेल पाजायची. हे आठ वाजता बादलीचं काम उरकून न्याहारीला घरी यायचे. दारात चपला काढत असायचे तेव्हाच मी मशीनवरून विचारायची, "आज किती?"

"अठ्ठावीस पॉइंट चार."

"बरंय."

एवढंच. पण त्यात सगळं आलं. लोक सकाळी एकमेकांशी काय काय गोड बोलत असतील ते असो. आमच्याकडे अठ्ठावीस पॉइंट चार होतं. आणि माझ्या हातात पेन्सिल असली नि कानावर आकडा पडला, की माझा हात तो लिहूनच टाकतो. त्याला मी काय करू? समोर जिचं पान उघडं असेल तिच्या मापाखाली, तारखेशेजारी, लिहून मोकळी. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, पाणी अठ्ठावीस पॉइंट चार. हे हसायचे. म्हणायचे, "एक दिवस समुद्राला फ्रॉक शिवशील तू."

त्याच वर्षी होडीवाल्या भाऊंनी आम्हाला प्रवाळ दाखवायला नेलं. तेव्हा दहा-बारा जणांच्या होड्या केंद्राशेजारच्याच खाडीत लागायच्या. त्यात भाऊंची एक. ह्यांची आणि त्यांची रोज सकाळी धक्क्यावर गाठ पडायची. मला ते ताई म्हणायचे. त्यांच्याकडे तळाला काच बसवलेली लाकडी पेटी होती. ती पाण्यावर दाबून धरायची आणि आत तोंड घालून बघायचं. मी बघितलं. हे माझा दंड धरून बसले होते, मी पडेन म्हणून.

काय सांगू! माझ्या रिळांच्या पेटीत बेचाळीस रंग होते आणि मला त्याचा कोण अभिमान. खाली बघते तर माझ्या पेटीत नसलेलेच रंग जास्त. मधासारखा, विटेसारखा, वांग्यासारखा, आणि एक हिरवा तर असा, की त्याला नावच नव्हतं. शिंगांसारख्या फांद्या, बशांसारख्या चकत्या, त्यांतून मासे असे ये-जा करत होते जसा काही बाजार भरलाय. मी मान वर काढायलाच तयार नव्हते. "अहो, हा रंग मिळत नाही हो कुठे," मी आतून ओरडले, तर भाऊ म्हणाले, "मग इथूनच घेऊन जा, ताई." मान वर काढली तेव्हा पदरापासून केसांपर्यंत भिजले होते. ते दिवस आठवले की अजून मला अंगावर ते पाणी जाणवतं.

पण ह्यांचा स्वभाव भित्रा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा भाऊंशी गप्पा मारता मारता ह्यांनी भरलेली बादली उन्हात तापलेल्या दगडावर ठेवली. पाणी तापलं, आकडा दोन अंश जास्त लिहिला गेला. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून, सगळ्यांसमोर त्या आकड्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'निष्काळजी'. हे दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून बादली सावलीत, थर्मामीटर तीनदा बघायचा, तेव्हा कुठे लिहायचं.

आणि मग तो उन्हाळा आला. आठवडेच्या आठवडे वारा नाही. समुद्र ताटात ओतून ठेवल्यासारखा निपचित. एका सकाळी हे आले ते चपला न काढता दारातच उभे राहिले.

"आज किती?"

"एकतीस पॉइंट चार."

"काहीतरीच!"

"तेच म्हणतो मी. तीनदा बादली टाकली. सावलीत ठेवली. तिन्ही वेळा एकतीस पॉइंट चार. माझंच कुठेतरी चुकतंय."

दुसऱ्या दिवशी एकतीस सहा. तिसऱ्या दिवशी एकतीस आठ. ह्यांची झोप उडाली. थर्मामीटर बिघडला असणार म्हणून नवा मागितला, तर भांडारवाला म्हणाला, जुना फुटलाय का? नाही ना? मग नवा कशाला? मोठ्या साहेबांकडे जायची छाती होईना. शेवटी एके दिवशी ह्यांनी काय करावं, तर घरातला तापाचा थर्मामीटर खिशात घालून धक्क्यावर घेऊन गेले. तो पस्तिसाच्या खाली आकडाच दाखवत नाही, त्याचा काय उपयोग? परत आले तोंड पाडून.

मी हसले. अशी हसले की बोटात सुई गेली. "समुद्राला ताप आलाय का बघत होतात? ताप तुमच्याच डोक्याला आलाय!" आणि हसता हसताच पुढे म्हणाले, "अहो, दोन कमी करून लिहा नि मोकळे व्हा. मी नाही का बायकांना दोन इंच कमी सांगत? कुणाचं काही बिघडलंय का आजवर?"

ह्याच तोंडाने म्हणाले. हे माझ्याकडे बघतच राहिले. किती दिवसांनी ह्यांचा चेहरा सैल झाला होता.

ते वाढलेले आकडे रजिस्टरात चढवायची छाती ह्यांना तोवर झालीच नव्हती, चिठ्ठीवरच टिपलेले होते; ते धरून एकूण एकोणीस दिवस ह्यांनी दोन वजा करून लिहिले. थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतो असं ह्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. तसा शेरा मात्र कुठे लिहिला नाही. शेरा लिहायचा तर साहेब विचारणार, आणि विचारलं तर जुनी लाल रेघ निघणार. घरी येऊन मला खरा आकडा सांगायचे आणि मी, हाताची खोड, तो वहीत टिपायची. मी तोंडाने खोटं सांगायची आणि वहीत खरं लिहायची. ह्यांनी नेमकं उलटं केलं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग एका दुपारी भाऊ धावत आले. "ताई, चला आधी. खाली कुणी चुना सांडलाय बघा."

काचेची पेटी तीच होती. मी आत तोंड घातलं. न रंगवलेलं अस्तराचं कापड असतं ना, तसं सगळं पांढरं. फांद्या पांढऱ्या, चकत्या पांढऱ्या, लांबपर्यंत. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आधी सुंदरच वाटलं. "अगंबाई, किती छान!" असंच म्हणाले मी. भाऊंनी पेटी माझ्या हातातून काढून घेतली. महिन्याभरात त्या पांढऱ्यावर तपकिरी बुळबुळीत थर चढला, मासे दिसेनासे झाले, आणि तो नाव नसलेला हिरवा मी पुन्हा पाहिला नाही.

चौकशीला बाहेरून माणसं आली. त्यांनी रजिस्टर मागितलं. पाणी तीसच्या वर नाही, म्हणजे पाणी तापलेलं नाही. मग कारण दुसरंच काहीतरी असणार. शेजारच्या खाडीत होड्या होत्याच. तेल सांडत असेल, असं ठरलं. दोन महिन्यांत सगळ्या होड्या पलीकडच्या किनाऱ्याला हलवायला लावल्या. जायच्या आधी भाऊ आमच्या दारात आले होते. ह्यांना म्हणाले, "तुमच्याकडे रोजचं लिहिलेलं असतं ना? जरा बघा की त्यात काही सापडतंय का आमच्यासाठी."

"त्यात काही नाही," हे म्हणाले.

मी मशीनवर बसले होते. मान वर केली नाही. पोरांच्या शाळा चालू होत्या, नोकरी एकच होती. भाऊ गेले. त्या दिवसानंतर मी 'आज किती' विचारायचं सोडलं आणि ह्यांनी सांगायचं सोडलं. अठरा वर्षं हे तसेच सातला जात राहिले, आठला येत राहिले, आणि आमची न्याहारी मुक्याने होत राहिली.

तीन वाजता मी उठले आणि माळ्यावरून ट्रंक खाली ओढली. मापांच्या वह्या मी कधी टाकत नाही. माणूस वीस वर्षांनी येतो आणि म्हणतो, मागच्यासारखाच शिवा. आवाजाने हे उठून आले. तोवर मला ती वही सापडली होती. शाळेचा गणवेश, छाती चोवीस, उंची अडतीस, पाणी एकतीस पॉइंट सहा.

"ठेव ती आत," हे म्हणाले.

"अहो, ऐका तर. हे बघा, कंबर बत्तीस, पाणी एकतीस पॉइंट..."

"वाचू नकोस म्हटलं ना!"

ह्यांचा आवाज इतका चढलेला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. हे ट्रंकेशेजारी जमिनीवरच बसले.

"माझ्याकडे दुसरं आहे काय, सांग. हुद्दा नाही, शिक्षण नाही. बारा हजार आकडे आहेत. त्या पोरीने मला सांगितलं, लांबलांबचे लोक हे वापरतील. त्यातले एकोणीस खोटे निघाले तर बाकीचे कोण खरे मानणार? सगळं जाईल माझं."

"आणि खडकामागचा तो तुकडा जाईल, त्याचं काय?"

ह्यांनी ट्रंकेची कडी खालीवर केली.

"ते एकोणीस तुमचे नाहीतच मुळी," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "माझे आहेत ते. मी हसले होते तुम्हाला. मीच म्हणाले होते, दोन कमी करा म्हणून."

"लिहिले मी," हे म्हणाले. मग ह्यांनी हात पुढे करून वही घेतली, चष्मा शोधला आणि एकेक पान बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि वही माझ्या एका कापडाच्या तुकड्यात बांधलेली.

"चल," हे म्हणाले.

"मी कशाला?"

"मीच म्हणाले होते, मीच म्हणाले होते, असं काल कोण ओरडत होतं? चल आता."

पोरगी तिच्या खोलीत होती. तिने खुर्च्या पुढे केल्या. मी बसले, हे बसेनात.

"मॅडम, त्या उन्हाळ्यात एकोणीस दिवस मी खोटं लिहिलंय," हे एका दमात म्हणाले. "पाणी तापलं होतं. थर्मामीटर बिघडलाय असं वाटलं मला. दोन कमी करून लिहिले. शेरा लिहिला नाही."

तिचा चेहरा उतरला. "का नाही लिहिला, काका?"

"भीती वाटली."

ती उठून खिडकीशी गेली. मला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी वही टेबलावर सोडली आणि पान उघडून दिलं. ती परत येऊन वाचायला लागली. "छाती... कंबर... पाणी?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, बायकांचे दोन इंच धरून. तेव्हा तिने एकदा स्वतःच्या कमरेकडे पाहिलंच.

मग तिने संगणक उघडला. आधीच्या महिन्यांतले, नंतरचे, जिथे जिथे माझ्या वहीत पाणी होतं ते दिवस ती रजिस्टराशी ताडून बघायला लागली. तासभर लागला. हे उभेच. प्रत्येक दिवस पॉइंटासकट जुळत होता. न जुळणारे फक्त त्या उन्हाळ्यातले, आणि त्या प्रत्येकात बरोबर दोनचा फरक. एकोणीसपैकी चौदा दिवस वहीत सापडले. पाच दिवस माझ्याकडे गिऱ्हाईकच आलं नसावं. शेवटी तिने कपाटातून ह्यांचा जुना थर्मामीटर काढला, पेलाभर पाण्यात तिच्या यंत्राशेजारी धरला आणि थोडं थांबली.

"बरोबर दाखवतोय," ती म्हणाली. "तो कधी बिघडलाच नव्हता, काका."

ह्यांनी थर्मामीटर हातात घेतला आणि शर्टाच्या कडेने पुसत राहिले.

"तो तुकडा आता मी सोडू देणार नाही," ती म्हणाली. "पण हे सगळं मला लिहावं लागेल. तुमचा उल्लेख करून. काही लोक म्हणतील, असं असेल तर अख्खी नोंदच बाजूला ठेवा. त्यांना मी अडवू शकणार नाही."

"लिहा," हे म्हणाले, आणि मग खाली बसले.

तिथून आम्ही परस्पर पलीकडच्या किनाऱ्याला गेलो. वीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. भाऊ होडीच्या सावलीत जाळं सांधत होते. केस सगळे पांढरे, हात तेच. ह्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. तेल नव्हतं, पाणी तापलं होतं, मला माहीत होतं, मी बोललो नाही.

भाऊंनी गाठ मारून पुरी केली.

"आम्हाला ठाऊक होतं की," ते म्हणाले. "हात घालून पाणी कळतं आम्हाला. पण तुमच्याकडे लिहिलेलं होतं, आमच्याकडे नव्हतं."

हे मान खाली घालून उभे. भाऊंनी ह्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला मात्र म्हणाले, "ताई, ऊन लागतंय, सावलीत बसा." मी बसले. ह्यांना बसा म्हणाले नाहीत, आणि ह्यांनीही तशी अपेक्षा केली नाही. परतताना चढावर हे दोनदा थांबले.

त्याला आता चार महिने झाले. खडकामागच्या तुकड्याच्या बोटभर फांद्या कापून जाळीवर बांधल्यात, खोल पाण्यात. बांधायला न कुजणारा दोरा हवा म्हणून पोरगी माझ्याकडेच आली. मी रीळ काढून दिलं, गाठ कशी मारायची तेही दाखवलं. तिने बादलीत एक फांदी आणून दाखवली. मधाच्या रंगाची. छापील अहवालही आणला होता. त्यात ह्यांच्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत त्या एकोणीस दिवसांबद्दल एक टीप आहे. ती ह्यांनी दोनदा वाचली आणि अहवाल घडी घालून माझ्या वह्यांच्या ट्रंकेत ठेवला. पोरीच्या नव्या पँटचं माप मी तिला खरं सांगितलं, एकतीस. ती म्हणाली, "काकू, तुम्ही आधी एकोणतीस म्हणाला होतात ना, तेच बरं वाटत होतं."

आता धक्क्यावर यंत्र आपोआप मोजतं. पण यंत्राला ताडून बघायला तिने ह्यांना पुन्हा बादली टाकायला सांगितली आहे, हा उन्हाळाभर. कामावर नाही, पगार नाही. हे पहिल्या दिवसापासून सातला जातात.

आज आठ वाजता आले. चपला काढत होते. मी मशीनवर होते, वही समोर उघडी. वीस वर्षं जिभेवर न आलेलं आज आपोआप तोंडातून गेलं.

"आज किती?"

हे दारात थांबले. मागे समुद्र ताटात ओतल्यासारखा निपचित होता.

"एकतीस पॉइंट तीन."

माझे पाय थांबले. "तीनदा बादली टाकलीत?"

"एकदाच," हे म्हणाले. "आणि तेच लिहिलं."

मी पेन्सिल घेतली आणि एका शाळकरी पोरीच्या गणवेशाच्या मापाखाली लिहिलं, पाणी एकतीस पॉइंट तीन.